ईगर सिंगलटनची आपोआप नोंदणी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विदर्भातल्या तालुक्याच्या गावांत कापूस खरेदीचं सॉफ्टवेअर सांभाळणारी जी पोरं आहेत, त्यांच्यासाठी हे पान. जिनिंगचा वजनकाटा, ओलावा मोजायचं यंत्र, पावतीचा प्रिंटर आणि शेतकऱ्याला जाणारा एसएमएस, एवढ्या सगळ्याला बांधून ठेवणारा जावा प्रोग्राम कोपऱ्यातल्या एका जुन्या पीसीवर चालतो. त्यात डिपेंडन्सी इंजेक्शनसाठी, म्हणजे क्लासला लागणारी ऑब्जेक्ट त्याने स्वतः न बनवता बाहेरून पुरवायला, गूगलची ज्यूस (Guice) ही लायब्ररी वापरलीय असं धरून उत्तरं दिली आहेत. स्प्रिंग, डॅगर आणि डॉटनेटवाल्यांसाठी खाली वेगळा प्रश्न आहे.

ईगर सिंगलटन म्हणजे नेमकं काय?

इंजेक्टर म्हणजे ज्यूसमधला ऑब्जेक्ट बनवून पुरवणारा भाग. एका इंजेक्टरमागे एकच ऑब्जेक्ट, तो सिंगलटन. कोणीतरी पहिल्यांदा मागितल्यावर तो बनला तर लेझी, आणि इंजेक्टर उभा होता होताच बनला तर ईगर. दोन इंजेक्टर बनवले तर दोन ऑब्जेक्ट होतात, हे बरेच जण विसरतात.

लेझी असला तर बिघडतं काय? लागेल तेव्हा बनेल की.

दोन गोष्टी बिघडतात, आणि दुसरी पहिलीपेक्षा वाईट आहे.

पहिली गोष्ट वेळेची. सीतादही होऊन पहिला वेचा बाजारात यायला लागला की जिनिंगच्या फाटकाबाहेर पहाटेपासून बंड्या आणि मेटॅडोर लागतात. ऑपरेटर पीसी सुरू करतो, स्क्रीन येते, सगळं हिरवं दिसतं. पहिली गाडी काट्यावर चढते, तो 'वजन घ्या' दाबतो, आणि तेव्हा कुठे काटा वाचणारा क्लास पहिल्यांदा बनायला जातो. कॉन्फिगमध्ये पोर्टचं नाव चुकलेलं असेल, तर ते त्या क्षणी कळतं. गाडी काट्यावर, मागे रांग, आणि तुम्ही दुसऱ्या तालुक्यात फोनवर. मृग लागल्यावर तिफनीचे दाते शोधायला निघण्यातला हा प्रकार. तोच क्लास ईगर असता तर प्रोग्राम सुरू होतानाच बोंबलला असता, फाटक उघडायच्या आधी.

दुसरी गोष्ट अशी, की काही क्लास कोणी मागतच नाही. एसएमएस पाठवणारा क्लास घ्या. तो 'वजन झालं' या घटनेची वाट पाहतो. कंस्ट्रक्टरमध्ये इव्हेंटबस (घटना ऐकणाऱ्यांपर्यंत पोचवणारा मधला दुवा) घेतो, स्वतःला तिथे नोंदवतो, आणि पुढे घटना आली की एसएमएस रांगेत टाकतो. आता सांगा, हा क्लास आपल्या कंस्ट्रक्टरमध्ये कोण मागणार? काटा मागत नाही, पावती मागत नाही. त्यांना तो आहे हेही ठाऊक नसावं, म्हणूनच तर मध्ये इव्हेंटबस टाकली. मग लेझी पद्धतीत तो कधीच बनत नाही. एरर येत नाही, लॉगमध्ये ओळ उमटत नाही. वजनं होतात, पावत्या छापल्या जातात, फक्त एसएमएस जात नाहीत, आणि ते तेव्हा समजतं जेव्हा एखादा काका येऊन विचारतो, 'काहून रे, माह्या मोबाईलवर काईच आलं नाही?'

ऐकणारे, वेळापत्रकाने चालणारे आणि देखरेख ठेवणारे क्लास, यांच्यासाठी ईगर हवाच. बाकीच्यांसाठी तो सोयीचा प्रश्न आहे.

क्लासवर सिंगलटनचं अ‍ॅनोटेशन लावलंय. तेवढ्यानं भागत नाही काय?

नाही. ते अ‍ॅनोटेशन ऑब्जेक्ट किती बनतील ते सांगतं, कधी बनेल ते सांगत नाही. 2009 साली आलेल्या जेएसआर-330 या मानकात इंजेक्ट, सिंगलटन, नेम्ड, क्वालिफायर, स्कोप आणि प्रोव्हायडर आहेत. ईगरसाठी काही नाही. ज्यूसनेही त्यासाठी वेगळं अ‍ॅनोटेशन दिलेलं नाही. ज्यूसमध्ये ईगर म्हणायचं तर मॉड्यूलमध्ये, म्हणजे ज्यूसला नोंदी सांगणाऱ्या क्लासमध्ये, हाताने ओळ लिहावी लागते:

बाइंड(एसएमएसपाठवणारा.क्लास).अ‍ॅझईगरसिंगलटन();

इथूनच सगळी रडारड सुरू होते. क्लास एका फाइलीत, त्याची नोंद दुसऱ्या फाइलीत. नवीन माणूस क्लास लिहितो, मॉड्यूलमधली ओळ विसरतो, कंपाइलर हूं की चूं करत नाही, आणि वरचा एसएमएसचा किस्सा पुन्हा घडतो. म्हणून नोंदणी आपोआप व्हावी असं वाटतं.

इंजेक्टर बनवताना प्रॉडक्शन स्टेज दिली की सगळेच ईगर होतात म्हणे. मग एवढा खटाटोप कशाला?

अर्धं खरं आहे. ज्यूस मुद्दाम काही न सांगता डेव्हलपमेंट स्टेजमध्ये चालतं. तिथे अ‍ॅझईगरसिंगलटन म्हटलेलेच ईगर, बाकी सिंगलटन लेझी. प्रॉडक्शन स्टेजमध्ये इंजेक्टरला माहीत असलेले सगळे सिंगलटन सुरुवातीलाच बनतात.

अडचण 'माहीत असलेले' यातच आहे. ज्याचं नाव कोणत्या मॉड्यूलमध्ये नाही आणि जो कोणाच्या कंस्ट्रक्टरमध्येही मागितलेला नाही, तो क्लास ज्यूसला दिसतच नाही. ज्यूस स्वतःहून क्लासपाथ (प्रोग्रामचे क्लास जिथे असतात त्या जागा) चाळत नाही, त्यामुळे त्या क्लासवर सिंगलटन लिहिलंय की नाही हे वाचायला कोणी जातच नाही. आपला एसएमएस पाठवणारा नेमका असाच. प्रॉडक्शन स्टेजने पहिला रोग जातो, दुसरा तसाच राहतो. प्रत्यक्ष काट्यावरच्या पीसीवर मात्र ती स्टेज जरूर वापरा, फुकटचा फायदा आहे.

टाइपलिसनर किंवा प्रोव्हिजनलिसनर लावूनही हे सुटत नाही. ज्यूसला एखादा टाइप माहीत झाला किंवा ऑब्जेक्ट बनायला लागला, की ते जागे होतात. ज्याचं नावच कुठे निघालं नाही त्याच्यासाठी त्यांना कोण उठवणार?

मग आपोआप नोंदणी करायची कशी?

तीन तुकडे लागतात.

आधी स्वतःचं एक अ‍ॅनोटेशन बनवा. आम्ही त्याला 'सुरुवातीलाच' म्हणतो; तुम्ही काहीही म्हणा. त्याचं रिटेन्शन (ते कुठपर्यंत टिकतं ते) रनटाइम ठेवा. जावात काही न लिहिल्यास रिटेन्शन 'क्लास' असतं, म्हणजे अ‍ॅनोटेशन क्लासफाइलीत राहतं पण रिफ्लेक्शनने विचारलं तर दिसत नाही.

मग क्लासपाथ चाळणारी एखादी लायब्ररी घ्या. माझी पसंती क्लासग्राफला. ती क्लासफाइलीचे बाइट वाचते, क्लास लोड करत नाही. नुसतं शोधायला गेलं आणि स्टॅटिक ब्लॉक चालून कुठलातरी ड्रायव्हर जागा झाला, असं होत नाही. तिला तुमच्या पॅकेजचं नाव द्या. नाव न देता सगळा क्लासपाथ चाळायला लावाल, तर जुन्या हार्डडिस्कवर चहा पिऊन याल तरी ती वाचतच असेल.

तिसरा तुकडा एक छोटं मॉड्यूल. त्याच्या कॉन्फिगर मेथडमध्ये 'सुरुवातीलाच' लावलेले क्लास मागायचे, त्यातले इंटरफेस आणि अ‍ॅबस्ट्रॅक्ट क्लास गाळायचे, आणि उरलेल्या प्रत्येकाला बाइंड करून अ‍ॅझईगरसिंगलटन म्हणायचं. पाच-दहा ओळींचं काम आहे. यात एक ओळ माझ्याकडून वाढवा: सापडलेल्या प्रत्येक क्लासचं नाव लॉगमध्ये लिहा. सकाळी ऑपरेटरने व्हॉट्सअ‍ॅपवर लॉगचा फोटो पाठवला, की 'एसएमएसपाठवणारा : नोंद झाली' ही ओळ आहे की नाही ते तुम्ही घरबसल्या बघू शकता. आपोआप होणाऱ्या गोष्टीचा हिशेब कुठेतरी दिसलाच पाहिजे, नाहीतर ती हातच्या नोंदीपेक्षा वाईट.

अ‍ॅनोटेशन लावलं, मॉड्यूल जोडलं, तरी क्लास सापडून नाही राहिला.

या क्रमाने तपासा. क्लास पब्लिक आहे का? क्लासग्राफ सांगितल्याशिवाय फक्त पब्लिक क्लास पाहतं. पॅकेजपुरते ठेवलेले क्लास हवे असतील तर दृश्यमानता दुर्लक्षित करायचा पर्याय चालू करावा लागतो. बहुतेक वेळा इथेच निघतं. नसेल तर पॅकेजचं नाव बघा, मग रिटेन्शन. आणि जार बारीक करायला प्रोगार्ड वापरत असाल, तर 'हा क्लास कोणी वापरत नाही' म्हणून त्यानेच तो काढून टाकला असेल. त्याच्या दृष्टीने ते बरोबरच आहे. 'सुरुवातीलाच' लावलेले क्लास ठेवावेत असा नियम त्याला लिहून द्या.

सिंगलटन आहे, तरी कंस्ट्रक्टर दोनदा चालतो. काहून?

हा या पानावरचा सगळ्यात कामाचा प्रश्न आहे.

स्कोप म्हणजे एकच ऑब्जेक्ट कुठवर वापरायचा याचा नियम; सिंगलटन हा त्यातलाच एक. ज्यूसमध्ये स्कोप लागतो तो बाइंडिंगच्या डाव्या बाजूला, म्हणजे ज्या नावाने मागतात त्याला. उजव्या बाजूच्या क्लासला तो लागत नाही. समजा 'वजनस्रोत' हा इंटरफेस आहे आणि 'काटावाचक' हा खरा क्लास. तुम्ही लिहिलं:

बाइंड(वजनस्रोत.क्लास).टू(काटावाचक.क्लास).अ‍ॅझईगरसिंगलटन();

तर 'वजनस्रोत' म्हणून मागणाऱ्या सगळ्यांना एकच ऑब्जेक्ट मिळेल. पण कोणी थेट 'काटावाचक' मागितला, तर त्याला वेगळा मिळेल, दर वेळी नवा. त्यात 'काटावाचक' दुसऱ्या एखाद्या इंटरफेसलाही तसाच बांधला असेल, म्हणजे 'आरोग्यतपासणी'ला म्हणा, तर दोन इंटरफेसचे दोन स्वतंत्र सिंगलटन बनतात. दोघंही तोच सिरीयल पोर्ट उघडायला जातात. पहिल्याला मिळतो, दुसऱ्याला पोर्ट व्यस्त असल्याचा एरर येतो, आणि तुम्ही केबल हलवत बसता.

उपाय सोपा आहे. स्कोप नेहमी खऱ्या क्लासला लावा, आणि इंटरफेसची ओळ स्कोपशिवाय ठेवा:

बाइंड(वजनस्रोत.क्लास).टू(काटावाचक.क्लास);
बाइंड(आरोग्यतपासणी.क्लास).टू(काटावाचक.क्लास);

'काटावाचक'वर 'सुरुवातीलाच' लावलं की त्याची ईगर नोंद आपलं चाळणारं मॉड्यूल करतंच. दोन्ही इंटरफेस त्याच एका ऑब्जेक्टपाशी पोचतात. आपोआप नोंदणीचा हा आडून मिळणारा फायदा आहे: ती खऱ्या क्लासलाच धरते, त्यामुळे ही गल्लत आपसूक टळते.

उलट, त्याच क्लासची नोंद हाताने वेगळ्या स्कोपमध्ये आधीच केलेली असेल, तर ज्यूस 'आधीच कॉन्फिगर केलेलं आहे' म्हणून इंजेक्टर बनवायलाच नकार देईल. दोन्हीपैकी एक ओळ काढा.

ईगर सिंगलटनांत कोण आधी बनतो?

एकाने दुसऱ्याला कंस्ट्रक्टरमध्ये मागितलं असेल, तर मागितलेला आधी. याखेरीज कोणत्याही क्रमावर विसंबू नका. 'भावपत्रक आधी वाचलं जातं, मग पावती बनते, आपल्याकडे तर असंच होतं' असं कोणी म्हणालं, तर पावतीच्या कंस्ट्रक्टरमध्ये भावपत्रक लिहायला लावा. क्रम लागतो म्हणजे अवलंबित्व आहे. ते लपवून ठेवलेलं असतं एवढंच. आणि चाळून नोंदणी करताना नोंदींचा क्रम चाळणीच्या हातात गेलेला असतो.

कंस्ट्रक्टरमध्येच सिरीयल पोर्ट उघडला तर चालेल?

चालेल, पण करू नका.

ईगर कंस्ट्रक्टरने अपवाद फेकला की इंजेक्टर बनतच नाही, क्रिएशन एक्सेप्शन येतो. त्यात एक चांगली सोय आहे: ज्यूस पहिल्याच चुकीवर थांबत नाही. इतर ईगर क्लासही बनवून पाहतं आणि सगळ्या चुका एका यादीत देतं. फोनवरून दुरुस्ती करणाऱ्याला ही यादी म्हणजे पर्वणी.

पण कोणती चूक प्रोग्राम थांबवण्याइतकी मोठी, हा निर्णय तुमचा आहे, आणि तो जिनिंगमध्ये उभं राहून घ्यायचा असतो. भावपत्रक वाचता आलं नाही, तर थांबलंच पाहिजे. चुकीच्या भावाने एक जरी पावती फाटली तर निस्तरता निस्तरता दिवाळी जाईल. ओलाव्याच्या नियमांचंही तेच. सीसीआयच्या (भारतीय कापूस महामंडळाच्या) खरेदीत 8 टक्क्यांच्या वर ओलावा गेला की कपात होते आणि 12 टक्क्यांच्या वर माल घेतच नाहीत. हे आकडे कॉन्फिगमधून येत असतील आणि ती फाइलच फुटलेली असेल, तर प्रोग्राम सुरू न झालेलाच बरा. पण काट्याची केबल सैल आहे म्हणून आख्खा प्रोग्राम बंद? इंडिकेटरवरचा आकडा वाचून हाताने टाकता येतो, रांग पुढे सरकते. प्रिंटरचंही तसंच, पावती मागाहून छापता येते.

म्हणून बनणं आणि सुरू होणं वेगळं ठेवा. कंस्ट्रक्टरमध्ये फक्त कॉन्फिग तपासायचं आणि मिळालेली ऑब्जेक्ट जपून ठेवायची. पोर्ट उघडणं, थ्रेड सोडणं, नेटवर्कवर जाणं हे 'सुरू करा' या वेगळ्या मेथडमध्ये. ग्वावा या गूगलच्याच लायब्ररीतला सर्व्हिसमॅनेजर यासाठी चांगला आहे: सगळ्या सर्व्हिस एकदम सुरू करतो, सगळ्या तयार होईपर्यंत थांबता येतं, कोणती पडली ते सांगतो, आणि बंद करतानाही उपयोगी येतो. ज्यूसकडे बंद करायची अशी कोणती सोय नाही, हेही ध्यानात असू द्या. लाइट गेली, इन्व्हर्टरही बसत आला, ऑपरेटर घाईने प्रोग्राम बंद करतोय, अशा वेळी एसएमएसची रांग डिस्कवर कोण लिहिणार, ते आधीच ठरलेलं असावं.

कंस्ट्रक्टरमधून थ्रेड सोडण्याबद्दल आणखी एक. तो थ्रेड अर्धवट बनलेल्या ऑब्जेक्टला हात लावू शकतो. दहादा काही होत नाही, अकराव्यांदा नल पॉइंटर येतो आणि पुन्हा घडवून दाखवता येत नाही.

टेस्ट चालवल्या की लॅपटॉपवरही पोर्ट शोधायला जाते.

चाळणारं मॉड्यूल टेस्टमध्ये जोडू नका. ते नेहमी वेगळं आणि फक्त मुख्य क्लासमध्ये जोडलेलं असावं. एक टेस्ट मात्र अशी लिहा जी फक्त चाळते आणि सापडलेल्या नावांची यादी अपेक्षित यादीशी ताडून पाहते. कोणी अ‍ॅनोटेशन काढलं किंवा पॅकेज बदललं तर तीच ओरडेल.

चाळण्याशिवाय दुसरा मार्ग नाही काय?

आहे, आणि बऱ्याचदा तोच बरा.

ऐकणाऱ्या क्लाससाठी मल्टिबाइंडर वापरा. सगळे श्रोते एका सेटमध्ये टाकायचे आणि तो सेट इव्हेंटबस उभी करणाऱ्या एका क्लासने मागायचा. आता श्रोते कोणीतरी मागितलेले आहेत, त्यामुळे तो एक क्लास ईगर केला की सगळे बनतात. नोंदीची ओळ हाताने लिहावी लागते, पण वाचणाऱ्याला एका जागी सगळं दिसतं. क्लास हाताच्या बोटांवर मोजण्याइतके असतील तर मी चाळायच्या भानगडीत पडत नाही.

मॉड्यूलच आपोआप जोडायची असतील, म्हणजे एका जिनिंगला ओलावा यंत्राचं वेगळं जार आणि दुसऱ्याला नाही, तर जावाचा सर्व्हिसलोडर आहे. तो जावा 6 पासून सोबतच येतो. प्रत्येक जारने आपलं मॉड्यूल मेटा-इन्फच्या सर्व्हिसेस फोल्डरमध्ये नोंदवायचं. ती फाइल हाताने लिहायचा कंटाळा असेल तर गूगलचं ऑटोसर्व्हिस कंपाइल करतानाच बनवून देतं. रनटाइमला चाळणी नाही, प्रोगार्डची कटकट कमी, आणि सुरू व्हायलाही वेळ लागत नाही.

सगळंच ईगर केलं तर?

सकाळी प्रोग्राम उशिरा उठेल. हंगामाच्या शेवटी एकदा लागणारा गाठींचा अहवाल रोज पहाटे मेमरीत कशाला हवा?

आम्ही ज्यूस वापरत नाही. आमच्याकडे कसं?

स्प्रिंगमध्ये उलटी गंगा आहे: अ‍ॅप्लिकेशन कॉन्टेक्स्ट सिंगलटन बीन मुळातच ईगर बनवतो, आणि कंपोनंट चाळणं 2007 च्या 2.5 आवृत्तीपासून आहे. म्हणजे हे सगळं पान तिथे आयतंच मिळतं. लेझी हवं असेल तर तसं लिहावं लागतं. फक्त स्प्रिंग बूट 2.2 पासून आख्खा प्रोग्राम लेझी करायची एक सेटिंग आहे. प्रोग्राम लवकर सुरू व्हावा म्हणून कोणी ती लावली, की आपले श्रोते गप्प. अशा क्लासवर 'लेझी' अ‍ॅनोटेशन फॉल्स करून लावा.

जावा ईईमध्ये ईजेबी 3.1 पासून सिंगलटनला स्टार्टअपचं अ‍ॅनोटेशन जोडता येतं. क्वार्कसमध्येही स्टार्टअप आहे. मायक्रोनॉटमध्ये कॉन्टेक्स्ट स्कोप तेच काम करतो.

डॅगर सगळं कंपाइल करतानाच ठरवतं, त्यामुळे चाळणं नाही आणि ईगरही नाही. तिथे इन्टूसेट वापरून सेट बनवा आणि सुरुवातीला तो मागा. कोइनमध्ये सिंगलला क्रिएटेडअ‍ॅटस्टार्ट ट्रू द्या.

डॉटनेटच्या मूळ कंटेनरमध्ये अ‍ॅडसिंगलटनला क्लासचं नाव दिलं तर तो लेझीच असतो. ऑटोफॅक वापरत असाल तर असेंब्ली चाळून नोंदणी करता येते आणि ऑटोअ‍ॅक्टिव्हेट म्हणून ईगर करता येतं.

जुन्या कोडमध्ये ऑटोबाइंडसिंगलटन असं अ‍ॅनोटेशन दिसलं. हे ज्यूसचं आहे काय?

नाही, ते नेटफ्लिक्सच्या गव्हर्नेटरचं. ज्यूसच्या वर बसणारी ती लायब्ररी. दिलेली पॅकेजेस चाळून असे क्लास सिंगलटन म्हणून बांधते, ईगर हवा की नको हेही अ‍ॅनोटेशनमध्येच लिहिता येतं. जुन्या प्रकल्पात नीट चाललंय तर हात लावू नका. नवीन कामात मी ती घेणार नाही. तेवढ्यासाठी वरचं छोटं मॉड्यूल पुरतं. आणि ज्यूस 7 वर जायचं असेल तर आधी इंपोर्ट बघा. 2023 मध्ये आलेलं ज्यूस 7 जकार्ताची अ‍ॅनोटेशनं घेतं, जावाएक्सची नाही. दोन्ही एकत्र चालवायची असतील तर त्याच्याच सोबत आलेलं ज्यूस 6 घ्या.